छातीत धडधड, चुकलेला ठोका : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना एकच तक्रार दहा नावांनी समोर येते. कुणाची छाती धकधक करते, कुणाचा ठोका चुकतो, कुणाचा जीव घाबरा होतो, आणि अमळनेरकडची आजी सरळ सांगते, ‘छातीमा धडधड व्हई राहिनी, भाऊ.’ फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि तपासून झाल्यावर दारात थांबून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. धडधड होते म्हणजे हार्ट अटॅक येतोय का?

बहुतेक वेळा नाही. विहिरीवरची मोटर डोळ्यासमोर आणा. पाइप चोंदला की पाणी येत नाही, तो झाला हार्ट अटॅक. पाइप मोकळा आहे पण स्टार्टरच्या वायरिंगमध्ये गडबड आहे, मोटर मध्येच धावते, मध्येच अडखळते, ती झाली ठोक्यांची गडबड. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा छोटा भाग असतो. प्रत्येक ठोक्याची वीज तिथून सुटते आणि ठरलेल्या वाटेने खाली उतरते. वीज भलतीकडून सुटली किंवा एखाद्या आडवाटेने गोल गोल फिरत राहिली, की धडधड जाणवते. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, म्हणून धडधडीसोबत छाती दुखली तर तर्क लढवत बसू नका.

२. नाडी किती असली म्हणजे नॉर्मल? आणि घरी मोजायची कशी?

मोठ्या माणसाची बसल्या जागी मिनिटाला ६० ते १००. शेतात राबणाऱ्या किंवा रोज पळणाऱ्या तरुणाची ५० सुद्धा भरते आणि ती चांगली असते. ताप एक डिग्री फॅरनहाइटने चढला की नाडी साधारण १०ने वाढते, त्यामुळे १०२ ताप असताना ११० नाडी पाहून घाबरू नका, तापाचं बघा.

मोजताना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटं ठेवा. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, पण ठोके वेडेवाकडे असतील तर पूर्ण एक मिनिट मोजा. आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा आहे. मी पेशंटला सांगतो, धडधड कशी होते ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवा. निम्मं निदान तिथेच होतं. एकसारखं भरभर वाजवलं तर एक गोष्ट, मध्येच एक सुटला तर दुसरी, आणि कसलाच ताल नसेल तर तिसरी (प्रश्न १२).

३. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की मध्येच एक ठोका चुकतो. हृदय बंद पडेल का?

ठोका चुकत नाही, उलट एक ठोका वेळेआधी येतो. त्यानंतर हृदय जरा थांबतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तुम्हाला जाणवते ती ही विश्रांती आणि नंतरचा धक्का. धडधाकट माणसाची २४ तास नोंद केली तरी असे ठोके सापडतात. जागरण, ॲसिडिटी, भरीत-पुरीचं जड जेवण, चिंता यांनी ते वाढतात. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं म्हणून जास्त कळतं, एवढंच.

तीन गोष्टी असतील तर मात्र तपासा : आधीपासून हृदयाचा आजार, चालताना-पळताना ते वाढणं, किंवा दिवसभराच्या एकूण ठोक्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त ठोके खालच्या कप्प्यातून असे अवेळी येणं. इतके ठोके वर्षानुवर्षं राहिले तर हृदय थकू शकतं, आणि ते वेळीच कळलं तर सुधारतंही.

४. ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

धडधडीसोबत चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत दडपण आलं, दम लागला, दरदरून घाम फुटला, किंवा बसल्या जागी नाडी १५०च्या वर जाऊन १०-१५ मिनिटांत उतरली नाही, तर १०८ला फोन करा. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणू नका, वाटेत शुद्ध गेली तर धरता येत नाही. काम करता करता किंवा खेळता खेळता बेशुद्ध पडलेला तरुण पाच मिनिटांत उठून बसला आणि ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याला त्याच दिवशी दाखवा. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा. आपल्याकडे ही माहिती हमखास राहून जाते, कारण त्या मृत्यूचं कारण घरच्यांनी वेगळंच ठरवलेलं असतं.

५. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणतात काही नाही. मग मला होतं ते खोटं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साध्या ईसीजीच्या पट्टीवर साधारण १० सेकंदांची नोंद असते. दिवसाचे सेकंद ८६,४००. चोर येऊन गेल्यावर काढलेल्या घराच्या फोटोत चोर दिसत नाही, तसं हे आहे. धडधड थांबल्यावर काढलेली पट्टी नॉर्मल असणं हेच बऱ्याचदा अपेक्षित असतं. त्या पट्टीवरून हृदयाला जुनी इजा आहे का, जन्मजात आडवाट आहे का (प्रश्न १७), एवढं कळतं. झटका कशाचा होता ते कळत नाही.

म्हणून माझा एकच आग्रह : धडधड चालू असताना पट्टी काढून घ्या. धुळ्या-जळगावच्या मोठ्या डॉक्टरकडे पोहोचायची वाट पाहू नका. दोन तासांचा प्रवास करून तिथे जाईपर्यंत झटका उतरतो आणि पुन्हा तीच नॉर्मल पट्टी हातात येते. ग्रामीण रुग्णालय, गल्लीतला खासगी दवाखाना, जिथे मशीन जवळ आहे तिथे जा आणि दारातूनच सांगा, ‘धडधड आत्ता चालू आहे, केस पेपर नंतर, आधी पट्टी काढा.’ सुई किंवा सलाईन लावण्याआधीची एक पट्टी हवीच. त्या एका कागदामुळे पुढच्या वर्षभराच्या तपासण्या वाचतात.

आता तो कागद जपायचा कसा. ईसीजीचा कागद उष्णतेने छापणारा असतो. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलात तर वाया गेला, पाकिटात घडी करून ठेवलात तर वर्षभरात रेघा पुसट होतात. त्याच दिवशी मोबाइलवर सरळ, सावली न पडता फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको. एका काकांनी आठ वर्षांतली एकुलती एक खरी पट्टी कौतुकाने लॅमिनेट करून आणली होती. गरम रोलरखालून ती काळी ठिक्कर होऊन निघाली होती.

६. मग तपासण्या कोणत्या करायच्या? लॅबवाले पूर्ण पॅकेज सांगतात.

पॅकेज नको. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, रक्तातलं पोटॅशियम, साखर, क्रिएटिनिन आणि एक ईसीजी, एवढ्याने सुरुवात होते. हृदयाच्या झडपा आणि ताकद पाहायला टू-डी इको. श्रम केल्यावर धडधड होत असेल तरच पट्ट्यावर चालायची टीएमटी. नुसत्या धडधडीसाठी अँजिओग्राफी करायला कुणी सांगितलं तर ‘कशासाठी?’ असं विचारायला संकोचू नका. ती पाइपची तपासणी आहे, वायरिंगची नाही.

पण सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे नीट सांगितलेली हकिगत. कधी सुरू झालं, एकदम की हळूहळू, किती वेळ टिकलं, कसं थांबलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. एका वहीत लिहून आणलं तर मला आनंद होतो, इकोच्या रिपोर्टपेक्षा जास्त.

७. हॉल्टर लावायला सांगितलंय. त्या दिवशी सुट्टी घ्यावी का?

मुळीच नको. छातीला तारा चिकटवून कमरेला छोटी पेटी अडकवतात, ती २४ किंवा ४८ तासांचा प्रत्येक ठोका नोंदवते. ज्या कामात धडधड होते तेच काम त्या दिवशी करायला हवं. केळीचे घड उचलताना होत असेल तर घड उचला. घरी पडून राहिलात तर यंत्राने झोपलेल्या माणसाची नोंद केली, एवढंच होईल. धडधड झाली की वेळ लिहा, अंघोळ एक दिवस राहू द्या. मे महिन्यात घामाने चिकटपट्ट्या सुटतात, जमलं तर तपासणी थंडीत करा. कुरकुर करणाऱ्यांना सांगतो, नॉर्मन हॉल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं.

झटका रोज किंवा दिवसाआड येत असेल तरच हॉल्टर उपयोगाचं. महिन्यातून एकदा येत असेल तर आठवडाभर किंवा जास्त काळ लावायचे रेकॉर्डर असतात. वर्षातून दोनदा शुद्धच जात असेल, तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर मिळतो, तो काही वर्षं पहारा देतो.

८. ऑक्सिमीटरवर नाडी ४० दाखवली, मला तर धडधड होत होती. मशीन खराब आहे का?

मशीन चांगलं असेल, पण ते बोटापर्यंत पोहोचलेलेच ठोके मोजतं. एकाआड एक ठोका अवेळी येत असेल (प्रश्न ३), तर तो कमजोर ठोका बोटापर्यंत येत नाही. हृदयाचे ठोके ८०, मशीनवर ४०. रात्री दोन वाजता या आकड्याने घाबरून आलेली माणसं मी पाहिली आहेत. बीपीच्या डिजिटल मशीनचंही तेच. ताल बिघडलेला असेल तर एका आकड्यावर जाऊ नका, तीनदा मोजा. ईसीजी काढणारं स्मार्ट घड्याळ असेल तर धडधडीच्या वेळी ३० सेकंदांची नोंद करून ती जपा, ती कामाची असते. पण घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही.

९. सगळे म्हणतात टेन्शन आहे, घबराट आहे. कसं ओळखायचं?

घबराटीतली धडधड साधारणपणे चढत जाते आणि ओसरत जाते. एसव्हीटी नावाचा झटका मात्र बटण दाबल्यासारखा सुरू होतो, नाडी १५० ते २५०च्या दरम्यान, एकसारखी, आणि तसाच एकदम थांबतो. गळ्यातल्या शिरा फडफडतात, झटका गेल्यावर भरपूर लघवी होते. वाकून काही उचललं आणि सुरू झालं, असं पुष्कळ जण सांगतात. इतकी नाडी धावल्यावर कुणीही घाबरेलच. म्हणजे घबराट आधी की धडधड आधी, हा खरा प्रश्न.

बायकांच्या बाबतीत हा निवाडा फार लवकर दिला जातो. सासरचा त्रास, अंगात येणं, बाहेरची बाधा असं काहीबाही ठरतं, भगताकडे नेतात, दंडाला ताईत बांधतात. झटका आपोआप थांबणाराच असतो, त्यामुळे श्रेय ताईताला जातं. आठ-दहा वर्षं असं चाललेल्या बाईचं निदान शेवटी एका पट्टीवर झालेलं मी पाहिलंय. आणि उलटही खरं आहे : पट्टी झटक्याच्या वेळची आहे आणि तिच्यात ताल नॉर्मल, फक्त वेग जास्त, तर घबराटीवर उपचार घ्यायला लाजू नका.

१०. झटका चालू असताना घरी काय करता येईल?

एसव्हीटीचं निदान आधी झालेलं असेल तर एक युक्ती आहे. मागे टेकून बसा, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये तोंडाने असा दाब द्या की दट्ट्या जेमतेम हलेल, १५ सेकंद. लगेच उताणे झोपा आणि दुसऱ्या कुणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरावेत. २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के लोकांचा झटका थांबला, नुसता दाब देऊन १७ टक्क्यांचा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी हे करू नये.

डोळे दाबणं बंद करा. मानेची शीर घरी चोळू नका. आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची जी सवय गावोगाव पसरली आहे ती इथे घातक ठरू शकते. ती बीपी पाडते आणि नाडी आणखी पळवते. दवाखान्यात बहुधा ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात. काही सेकंद ‘आता मेलोच’ असं वाटतं आणि मग ताल परत येतो. डॉक्टरांनी हे आधी सांगावं, पण राहूनही जातं.

११. हृदय चांगलं आहे, तरी नाडी कायम ११०. कारण काय?

बहुतेक वेळा कारण छातीबाहेर असतं. भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे गेला की अंगातलं पाणी आटतं आणि तेवढं रक्त पुरवायला हृदय पळतं. ओआरएस आणि मीठ घातलेलं ताक दोन दिवस पोटभर घेऊन पाहा. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन पहिल्यांदा तपासा. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त पडत असेल, तरी हेच होतं. दम्याचा पंप आणि गोळ्या, सर्दीच्या गोळ्या यांनीही नाडी वाढते.

नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त कायम कमी असतं आणि धडधड ही त्याची नेहमीची तक्रार. नुसत्या वाहकाला मात्र रक्त इतकं कमी होत नाही. त्याला धडधड होत असेल तर दुसरं कारण शोधा, ‘सिकल आहे ना’ म्हणून सोडून देऊ नका.

चहाचं विचाराल तर दोन-तीन कपांनी बहुतेकांना काही होत नाही. तंबाखू आणि बिडीतलं निकोटीन नाडी नक्की वाढवतं. लग्नाच्या हंगामात रात्रभर दारू पिऊन, देशी असो की मोहाची, सकाळी वेडीवाकडी नाडी घेऊन येणारेही दरवर्षी असतात.

१२. आईची नाडी अनियमित आहे, एएफ सांगितलंय. तिला काहीच त्रास नाही, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?

त्रास होऊ नये म्हणूनच. एएफमध्ये, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्याला लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. वय ६५च्या वर, बीपी, शुगर, आधीचा लकवा, हृदय कमजोर, यातलं जितकं जास्त तितकी गोळीची गरज जास्त. नुसत्या ॲस्पिरिनने हे काम होत नाही.

आता यातला उपप्रश्न. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्यातून मायट्रल झडप आकसली, असे रुग्ण आपल्याकडे अजून भरपूर आहेत. त्यांना जुनी गोळीच लागते, वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत झडपेच्या अशा रुग्णांमध्ये नव्या रिव्हॅरोक्सॅबॅनपेक्षा जुन्या गोळीचा निकाल चांगला आला. म्हणून ‘शेजारच्या काकांची तपासणी न लागणारी नवी गोळी मला का नाही?’ याचं उत्तर तुमच्या इकोत आहे. जुन्या गोळीवर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, साधारण २ ते ३ ठेवावा लागतो. मेथी, पालक बंद करायची गरज नाही, पण आठवडाभर काही नाही आणि मग भाजी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी, असं करू नका. प्रमाण सारखं ठेवा. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

१३. गोळ्या जन्मभर खायच्या, की ऑपरेशनने कायमचं बरं होतं?

एसव्हीटी असेल तर होतं. जांघेतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेऊन वीज ज्या आडवाटेने फिरते ती वाट उष्णतेने बंद करतात, याला अब्लेशन म्हणतात. छाती उघडत नाहीत. नेहमीच्या एसव्हीटीत १००पैकी ९५च्या आसपास लोकांचा त्रास संपतो. एएफमध्ये यश त्याहून कमी, कधी पुन्हा करावं लागतं. यासाठी बहुधा नाशिक, मुंबई किंवा नंदुरबारकरांना सुरत गाठावं लागतं. निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत बसतं का ते विचारा. आणि झटक्याची पट्टी सोबत न्या (प्रश्न ५).

१४. सुनेला सातवा महिना आहे, तिला धडधड होते. आणि घरातल्या तान्ह्या बाळाची नाडी १४० असते, ते बरोबर का?

गरोदरपणात नाडी १०-२० ने वाढतेच. पण दम लागत असेल, उताणं झोपवत नसेल, तर इको करा. आकसलेली झडप पहिल्यांदा गरोदरपणातच बोलते. तान्ह्या बाळाची १०० ते १६० नाडी ठीक. २२०च्या वर असेल, बाळ दूध सोडून किरकिर करत असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे.

१५. चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचंय, गोळ्या चालू आहेत. जाऊ का?

पट्टी, इको नॉर्मल आणि नुसते अवेळी ठोके असतील तर जा. पहाटे आणि संध्याकाळी चाला, दुपारी सावलीत थांबा, गोळी उपवासातही घ्या. झडपेचा आजार, कमजोर हृदय किंवा शुद्ध जायचा इतिहास असेल तर एसटीने जा. शुद्ध जाण्याचं कारण सापडेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि विहिरीतलं पोहणंही बंद.

१६. फवारणी करून आल्यावर, विंचू चावल्यावर किंवा जडीबुटी घेतल्यावर धडधड होते. हेही हृदयाचंच का?

हे विषाचं आहे, घरी थांबू नका. कपाशीवर फवारणी केल्यावर घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू फडफडणं आणि फार जलद किंवा फार संथ नाडी दिसली तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा. लाल विंचू चावून हातपाय थंड पडले, घाम फुटला, नाडी धावू लागली तर मंत्राने विष उतरवत बसू नका. प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वेळेत मिळाली की जीव वाचतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलंय. बचनाग नीट शुद्ध न करता पोटात गेला, किंवा पोरांनी बिट्टीच्या बिया चावल्या, तर ताल जीवघेणा बिघडू शकतो. काय खाल्लं ते लपवू नका, उरलेलं सोबत आणा.

१७. भरतीच्या मेडिकलसाठी ईसीजी काढला, त्यावर ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ लिहून आलं. मुलाला आजवर एकदाही त्रास नाही. सोडून द्यायचं का?

नाही. वोल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली वर्णन केलेली ही जन्मजात आडवाट. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण काहींच्या बाबतीत ही वाट इतकी वेगवान असते की एएफ झालं तर सगळी वीज तिच्यावरून थेट खाली उतरते, आणि तेव्हा जीवाला धोका असतो. वाट कितपत वेगवान आहे ते पळवून केलेल्या टीएमटीवर आणि लागलं तर ईपी स्टडीवर, म्हणजे हृदयात तार नेऊन विजेच्या वाटा तपासल्यावर, कळतं. ते ठरेपर्यंत मैदानावरचा सराव थांबवा. आणि त्या पट्टीचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये कायम ठेवा, कारण अशा माणसाला एएफमध्ये धडधड झाली आणि अनोळखी दवाखान्यात नेहमीचं व्हेरापॅमिल किंवा डिगॉक्सिन दिलं गेलं तर ताल सुधारण्याऐवजी बिघडतो. तिथल्या डॉक्टरला सुई भरण्याआधी तो फोटो दाखवा.